मिनीमूग आणि डीएक्स७: दोन सिंथेसायझर, दोन चेहरे

१९७० चा मिनीमूग मॉडेल डी हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं पट्ट्यांचं वाद्य, पाहिला की आधी लाकूड दिसतं. लाकडी चौकट, ४४ पट्ट्या, आणि बिजागरीवर उचलून वादकाकडे तिरकं उभं करता येणारं काळं पॅनेल. त्यावरची मांडणी मला आजही अप्रतिम वाटते: डावीकडून उजवीकडे ऑसिलेटर (मूळ आवाज तयार करणारे), मिक्सर (ते एकत्र मिसळणारा), मग फिल्टर (आवाजातला काही भाग गाळणारा). आवाज ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने डोळाही जातो. नॉब कुठे वळलाय हे पाहून स्वर कसा लागणार याचा अंदाज बांधता येतो. सजावट वेगळी अशी नाहीच; जे दिसतं ते सगळं कामाचं.

१९८३ चा यामाहा डीएक्स७ याच्या अगदी उलट. गडद तपकिरी चपटं अंग, ६१ पट्ट्या, नॉब जवळपास गायब. त्यांच्या जागी हिरवट-निळ्या सपाट बटणांची रांग, छोटा पडदा आणि आकडे कमी-जास्त करायला एकच सरकपट्टी. दिसायला नेटका, पण आवाज घडवताना बोटांना काहीच सापडत नाही. आत काय चाललंय ते त्या दोन ओळींच्या पडद्यातून वाचावं लागतं. मात्र पॅनेलवर छापलेल्या ३२ अल्गोरिदमच्या आकृत्या मला फार आवडतात. सहा ऑपरेटर (आवाज तयार करणारे आतले घटक) एकमेकांना कसे जोडलेत, याचे ते छोटे नकाशे. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे.

आवाज घडवायला शिकायचं असेल, तर मी मिनीमूगसारखंच पॅनेल निवडेन.