684 डॉलर आणि 200 ग्रॅम

मी यांत्रिकी अभियंता आहे, आणि तरीही मोटरसायकलचे सुटे भाग घेताना फसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण गप्प बसलो तर मला फसवणाऱ्या माणसाला पुढचे गिऱ्हाईक मिळेल.

दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. दोन वर्षांपूर्वी झोंगशेन या चिनी कंपनीने बनवलेली, 229 सीसीची जुनी टीटी 250 मोटरसायकल मी 1,650 डॉलरला घेतली. गाडी साधी आणि भरवशाची आहे, पण भरल्या टाकीसह वजन 140 किलोच्या घरात जाते, आणि वाळूत आडवी झालेली गाडी एकट्याने उचलताना त्यातला प्रत्येक किलो जाणवतो. म्हणून याच गाडीसाठी ‘वजन घटवणारा संच’ विकणाऱ्या माणसाची जाहिरात पाहून मी थांबलो: टायटॅनियमचा सायलेन्सर 410 डॉलर, लिथियम बॅटरी 145, ॲल्युमिनियमचे हँडल 79 आणि पाठवणी 50, एकूण 684. संचाचे वजन साडेतीन किलो सांगितले होते. कार्डाने पैसे दिल्यास 3 टक्के, म्हणजे 20 डॉलर 52 सेंट जादा पडणार होते. ते वाचवण्यासाठी मी बँकेच्या ॲपमधून थेट त्याच्या खात्यात 342 डॉलर पाठवले. उरलेले 342 पार्सल रवाना झाल्यावर द्यायचे होते.

मला आजही छळतो तो क्षण यानंतरचा आहे. त्याने पाठवलेल्या पार्सलच्या पावतीवर वजन 21 पौंड, म्हणजे साडेनऊ किलो, स्पष्ट छापलेले होते. साडेतीन किलोच्या मालाला सहा किलोचे खोके कसे लागेल? मी तो आकडा पाहिला, मनातल्या मनात त्याचे किलोही केले, आणि आत लाकडी चौकट असेल अशी स्वतःची समजूत घालून त्याच रात्री उरलेले 342 डॉलर पाठवून दिले. टायटॅनियमची घनता घनसेंटिमीटरला 4.5 ग्रॅम आणि पोलादाची 7.8 हे मी विद्यार्थी असताना पाठ केले होते. ते ज्ञान नेमके त्या रात्री माझ्या कामी आले नाही.

माल आल्यावर मी सायलेन्सरला लोहचुंबक लावला. तो चिकटला नाही, म्हणून मी निश्चिंत झालो. पण 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही लोहचुंबक जवळपास चिकटत नाही, त्यामुळे या परीक्षेवर कधीही विसंबू नका. पाइपावरच्या निळसर-जांभळ्या झाकेवरही विसंबू नका, कारण तापवलेले स्टेनलेस स्टीलही तसेच दिसते. ग्राइंडर लावल्यावर टायटॅनियमच्या लख्ख पांढऱ्या ठिणग्या उडायला हव्या होत्या, त्या मळकट नारिंगी निघाल्या. सायलेन्सर 4.9 किलोचा भरला. बॅटरी 2.6 किलोची होती आणि स्थिर असताना 12.7 व्होल्ट दाखवत होती; लिथियम आयर्न फॉस्फेटची पूर्ण भरलेली बॅटरी 13.2च्या वर असते, म्हणजे आत शिसेच होते. हँडलला मात्र लोहचुंबक घट्ट चिकटला. गाडीचे मूळ तीन भाग 8.9 किलोचे, हे 8.7 किलोचे.

बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः, स्वतःच्या संमतीने पाठवले आहेत, त्यामुळे हा ‘अनधिकृत व्यवहार’ ठरत नाही. मी चार वेळा फोन केला, आणि चारही वेळा वेगळ्या व्यक्तीने तेच वाक्य वाचून दाखवले. पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून ऑनलाइन अर्ज भरायला लावला, त्यानंतर कोणी विचारले नाही. केंद्रीय तक्रार केंद्राकडून केवळ पोचपावती आली. साडेतीन किलोऐवजी साडेनऊ किलोची पावती, विक्रेत्याचे संदेश, खातेक्रमांक, सगळे मी हातात आणून दिले होते. यापेक्षा जास्त काय हवे असते? लघुवाद न्यायालयात 30 डॉलर शुल्क भरून दावा लावता येतो, पण समन्स बजावायला खरा पत्ता लागतो, आणि खोक्यावरचा पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा निघाला.

बँकेकडे रक्कम परत मागायची सोय राहावी म्हणून कार्डानेच पैसे द्या, मग 3 टक्के जास्त गेले तरी चालतील. विक्रेत्याकडून प्रत्येक भागाचा वजनकाट्यावर ठेवलेला फोटो मागा. तो टाळाटाळ करू लागला की व्यवहार तिथेच सोडा. आणि आधी मागचे कॅरिअर व सोबत्याचे पायदान काढून पाहा, त्याला एक सेंटही लागत नाही.

त्याची जाहिरात दुसऱ्या नावाने अजून चालू आहे. फोटो तोच आहे, आणि अर्धे पैसे पार्सल रवाना झाल्यावर घेण्याची अटही तीच.