मशीन घ्या, माल आम्ही उचलू: बायबॅकच्या करारात पैसे कसे बुडतात

घरबसल्या वाती बनवा, महिन्याला चाळीस हजार कमवा, कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच उचलतो. ही जाहिरात एसटी स्टँडच्या भिंतीवर असते, मोबाइलवरही रोज येते. वातीच्या जागी कधी द्रोण-पत्रावळी, कधी अगरबत्ती, कधी पेन भरणं. मशीन बदलतं, फसवायची पद्धत तीच राहते. यात अडकतात ती पहिल्यांदाच धंद्यात उतरणारी माणसं: बचत गटातल्या बायका, नोकरी सुटलेली पोरं, निवृत्तीचे पैसे हातात आलेले लोक. हे त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

वातीचाच हिशेब घेऊ. आकडे समजुतीपुरते धरलेत, पण सौदा असाच बांधलेला असतो. मशीन १,२०,००० रुपयांना देतात. तसंच मशीन बाजारात हिंडून चौकशी केली तर ४५,००० ला मिळतं. कापसाचा पेळू ते ३०० रुपये किलोने देणार आणि वाती ६०० रुपये किलोने घेणार. दिवसाला ५ किलो म्हणजे १,५०० रुपये, २६ दिवसांचे ३९,०००. चार महिन्यांत मशीन फिटलं, असं कागदावर दिसतं.

आता हाच हिशेब विकणाऱ्याच्या जागी बसून करा. किलोमागे तो तुम्हाला ३०० रुपये मजुरी देतोय. त्यानेच ६०० रुपये हजेरीने बाई ठेवली आणि तिने दिवसाला ५ किलो काढले, तर किलोला १२० पडतात, वर थोडी वीज. १२० च्या कामाला ३०० कोण मोजेल? ज्याचा धंदा वातीचा नसून मशीन विकण्याचा आहे, तोच मोजेल. एका मशीनमागे त्याचे ७५,००० आधीच सुटलेले असतात. पहिला २० किलोचा लॉट तो अगदी वेळेवर उचलतो आणि १२,००० रुपये खात्यात टाकतो. त्यातले ६,००० तुम्हीच पेळूचे म्हणून भरलेले असतात. त्या जमा झालेल्या पैशांचा स्क्रीनशॉट पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवला जातो. खरं वाईट याचं वाटतं, की पैसे आलेले बघून त्याच आठवड्यात जाऊबाई नाहीतर शेजारीणही मशीन बुक करते, आणि पुढे तो बोल घरातल्याच बाईला लागतो.

दुसऱ्या लॉटपासून माल नाकारणं सुरू होतं. वात सैल आहे. लांबी कमी-जास्त आहे. ओल लागली आहे. करार काढून बघावा तर त्यात ‘माल कंपनीच्या दर्जानुसार असावा’ एवढंच वाक्य. दर्जा म्हणजे काय, हे आकड्यांत लिहिलेलं नसेल तर माल कायम नापास करता येतो. वातीची लांबी किती मिलिमीटर, १०० वातींचं वजन किती ग्रॅम, फरक किती चालेल, माल पोचल्यावर किती दिवसांत नाकारायचा, नाकारलेल्या मालाचं परतीचं भाडं कोणाचं, हे सगळं करारात हवं. दोघांच्या सहीचा सीलबंद नमुना तुमच्या घरात हवा. घटीचं कलम तर सगळेच विसरतात. १० किलो पेळूतून १० किलो वाती कधीच निघत नाहीत. झड होते, तुकडे पडतात, सुरुवातीचा माल बिघडतो. घट किती धरायची हे ठरलेलं नसेल तर ती तुमच्या मजुरीतून कापतात.

५ किलोचा आकडाही तपासा. डेमोला सरावलेला माणूस दहा मिनिटं मशीन चालवतो आणि निघालेल्या वजनाला ४८ ने गुणून आठ तासांचं उत्पादन सांगतो. स्वतःच्या हाताने सलग दोन तास मशीन चालवून बघा आणि माल वजनकाट्यावर टाका. दोरा अडकणं, पेळू तुटणं, मोटर तापणं हे दोन तासांत समोर येतं. चालवू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

नोटरीच्या शिक्क्यावर भुलू नका. नोटरी सह्या कोणी केल्या ते पाहतो, सौदा खरा की खोटा हे नाही. त्यापेक्षा बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाका. नोंदणी कधीची, चालू की रद्द, रिटर्न भरली जातात का, सगळं फुकट दिसतं. नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. त्यातलं सहावं अक्षर पी असेल तर समोर एकटा माणूस आहे, पाटीवर प्रायव्हेट लिमिटेड लिहिलं असलं तरी. कंपनीचं अक्षर सी असतं. ‘आम्हाला जीएसटी लागत नाही’ म्हणाला तर एवढंच लक्षात घ्या: वर्षात १,२०,००० ची ३४ मशीनं विकली की जीएसटी नोंदणीची ४० लाखांची मर्यादा ओलांडते. मग तो सांगतो ते हजारो ग्राहक आले कुठून?

कर्ज काढून देतो म्हणणाऱ्याला तर एक रुपयाही देऊ नका. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची, नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. मुद्रा कर्जासाठी एजंट नेमलेले नाहीत. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेचं अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं अडकून राहतं आणि युनिट बंद आढळलं तर परत जातं. फुगवलेल्या कोटेशनवर कर्ज उचललंत तर हप्ता फुगलेल्याच रकमेचा भराल.

फसलाच असाल, तर ‘आधी जीएसटी भरा, मग अडकलेलं पेमेंट सोडतो’ असा फोन येईल. भरू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पोलीस ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणतील. म्हणून एकटे जाऊ नका. तसाच करार, तसाच नकार मिळालेले पाच-सहा जण एकत्र गेले की सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवता येतं. गुन्हा १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आधीचा असेल तर जुनं ४२०. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असं समोरचा वकील म्हणेल, पण स्वयंरोजगाराने पोट भरायला घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘धंद्यासाठी घेतलेली’ धरली जात नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत.

विकणाऱ्याने हमीचा चेक दिला असेल तर तारीख टाकून घेतल्याशिवाय ठेवू नका, आणि त्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा. परत आला तर ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी, नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस मिळतात आणि ते संपल्यावर महिन्याभरात कोर्टात तक्रार करावी लागते. बँकेचा मेमो कोणत्या तारखेला हातात आला ते त्याच कागदावर लिहून ठेवा, ३० दिवस तिथून मोजले जातात.