बाबांसाठी घेतलेलं ऑक्सिमीटर

न्यूमोनियातून बाबा घरी आले, त्याच दिवशी नागपूरच्या सीताबर्डीहून हे बोटाला लावायचं यंत्र घेतलं. बसल्यावर रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के दाखवायचं, पण एक जिना चढले की ९१ आणि नाडी १२८! माझ्या पोटात गोळाच आला. फुफ्फुसं पुरती सावरली नव्हती, त्यात तीन आठवडे झोपून मांड्या पार वाळलेल्या. डॉक्टर म्हणाले, स्नायू अशक्त झाले की तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त धावावं लागतं. आता अंबाझरीला रोज अर्धा तास चालतात. परवा त्याच जिन्यावर ९६ आणि १०४. किती बरं वाटलं!

डिसेंबरच्या थंडीत बोटं गार असली की आकडा चुकतो. हात चोळा, बोट मिनिटभर स्थिर ठेवा, मगच वाचा. आईच्या मेंदीच्या बोटावर धड काही येईना. सेल लवकर संपतात, जोडी जवळ ठेवा.