बाळाच्या पित्ताशयात खडे: वाट पाहावी की शस्त्रक्रिया करावी?

सोनोग्राफीच्या अहवालात बाळाच्या पित्ताशयात खडे असल्याचे वाचले की पालकांची नजर आधी मिलिमीटरच्या आकड्यावर जाते. निर्णय मात्र बहुधा त्या आकड्यावर ठरत नसून, खडा कशामुळे झाला आणि त्याचा बाळाला त्रास होत आहे का, यावर ठरतो.

पहिल्या वर्षात वाट पाहण्याची बाजू भक्कम असते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा गंभीर आजारी बाळाला बरेच दिवस शिरेतून पोषण द्यावे लागले, तर पोटात दूध न गेल्यामुळे पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून घट्ट होते आणि त्यातून गाळ व पुढे खडे तयार होतात. तोंडाने दूध सुरू झाल्यावर गाळ, आणि कित्येकदा खडेही, आपोआप नाहीसे होतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या प्रतिजैविकाचे उदाहरण तर आणखी बोलके आहे: ते पित्तातील कॅल्शियमशी संयोग पावून साका तयार करते, तो सोनोग्राफीत हुबेहूब खड्यासारखा दिसतो आणि औषध थांबवल्यावर बहुतेक वेळा काही आठवड्यांत निघून जातो. म्हणून शस्त्रक्रियेचा विषय निघण्याआधी बाळाला कोणती औषधे दिली गेली, हे विचारून घ्यावे; हा साधा प्रश्न पुष्कळदा राहून जातो.

थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा स्फेरोसायटोसिस यांसारखा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलात चित्र उलटे असते. तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्याने त्यांतून निघणाऱ्या रंगद्रव्याचे (बिलिरुबिनचे) खडे बनतात आणि मूळ कारण चालूच असल्यामुळे ते विरण्याची आशा फारशी नसते. अशा मुलाला वारंवार पोटदुखी, पित्ताशयाचा दाह किंवा स्वादुपिंडाचा दाह झाला, तर दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढणेच श्रेयस्कर ठरते. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात केवळ साठते. त्यामुळे पित्ताशय काढल्यावरही पचन आणि वाढ सहसा नीट चालते. भूल आणि पित्तनलिकेला इजा होण्याची अल्प शक्यता, ही या पर्यायाची किंमत. वाट पाहण्याची किंमत म्हणजे वारंवार सोनोग्राफी आणि खडा नलिकेत अडकण्याचा धोका.

खडे विरघळवणारे अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड प्रामुख्याने कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालते. रंगद्रव्याच्या खड्यांबाबत त्यावर विसंबू नये.

वरील सारी तुलना एका परिस्थितीत गैरलागू ठरते. बाळ 14 दिवसांचे होऊनही कावीळ टिकून असेल, शी पांढरट किंवा मातकट होत असेल आणि सोनोग्राफीत पित्ताशय अगदी लहान दिसत असेल किंवा दिसतच नसेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घ्यावी लागते. त्यावरील कासाई शस्त्रक्रियेचे (पित्त वाहून जाण्यासाठी आतडे थेट यकृताला जोडण्याच्या शस्त्रक्रियेचे) यश वयाच्या 60 दिवसांच्या आत अधिक असते. त्यामुळे अशा बाळाला पुढच्या सोनोग्राफीची तारीख देऊन घरी न पाठवता लगेच बालयकृततज्ज्ञाकडे किंवा बालशल्यविशारदाकडे न्यावे.