बेळगाव सीमाभागात एफआयआर आणि अटकेचे कागद: ठाणं, संकेतस्थळ, कोर्ट की माहिती अधिकार?

कुठल्याही मार्गाने जा, समोरचा पहिल्यांदा विचारणार: क्राइम नंबर, म्हणजे ठाण्याने गुन्ह्याला दिलेला क्रमांक, काय? ठाण्याचं नाव, क्राइम नंबर आणि वर्ष या तीन गोष्टी हातात असतील तर पाच मिनिटांत काम होतं. नसतील तर त्याच कागदासाठी महिना जातो. म्हणून आधी हे तिन्ही मिळवा, मग मार्ग ठरवा.

ठाणं ठरवतानाच निम्मी गल्लत होते. बेळगावात पोलिसांची दोन वेगळी कार्यालयं आहेत. शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं आणि जिल्ह्याचं पोलीस अधीक्षक कार्यालय, म्हणजे एसपी ऑफिस, वेगळं. खडेबाजार, मार्केट, कॅम्प, टिळकवाडी, शहापूर, माळमारुती ही ठाणी आयुक्तालयाकडे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. पण बेळगाव ग्रामीण, काकती आणि मारिहाळसुद्धा आयुक्तालयाकडेच येतात. "ग्रामीण" हा शब्द वाचून लोक एसपी ऑफिस गाठतात आणि अर्ज परत येतो. निपाणी, खानापूर, नंदगड, चिकोडी, संकेश्वर, अथणी ही ठाणी एसपींच्या अखत्यारीत आहेत. कर्नाटक पोलिसांच्या संकेतस्थळावरच्या यादीतही शहर आणि जिल्हा अशा दोन वेगळ्या नोंदी दिसतात. चुकीची निवडली तर पुढे तुमचं ठाणंच सापडत नाही.

नुसतं वाचायचं असेल तर

कर्नाटक राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर शोधायची सोय आहे. जिल्हा, ठाणं, क्राइम नंबर आणि वर्ष भरलं की प्रत उघडते, पैसे लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालात एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं. अडचण असेल तर ४८ तास आणि इंटरनेटची अवस्था वाईट असेल तिथे जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक अत्याचार, पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा), दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांना यातून वगळलं आहे, त्यामुळे त्यांची एफआयआर तिथे मिळणार नाही. संवेदनशील म्हणून एफआयआर टाकलेली नसेल आणि तुमचं त्यात हित अडकलेलं असेल, तर आयुक्तांकडे किंवा एसपींकडे निवेदन द्या. त्यावर तीन अधिकाऱ्यांच्या समितीने तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

ही प्रत वाचायला उत्तम आहे. विमा कंपनी, बँक किंवा कोर्टापुढे मात्र बहुतेक वेळा सही-शिक्क्याचीच प्रत मागतात.

कागद कन्नडमध्ये असतो, पण मराठी माणसाने घाबरून जाऊ नये. अक्षरं लावता आली की अर्धे शब्द ओळखीचेच निघतात. "पोलीस ठाणे", "आरोपी", "कलम" जसेच्या तसे आहेत, "जिल्ले" आणि "जामीनु" चटकन कळतात. अडतं ते थोड्याच शब्दांवर. "प्रथम वर्तमान वरदी" म्हणजे एफआयआर, "अपराध संख्ये" म्हणजे क्राइम नंबर, "दूरुदार" म्हणजे फिर्यादी, "तंदे" म्हणजे वडील, "विळास" म्हणजे पत्ता आणि "दस्तगिरी" म्हणजे अटक. जिल्हा, ठाणं, क्राइम नंबर आणि तारीख अगदी वरच्या रकान्यातच सापडतात. कलमं वाचताना तारीखही बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आकडे बदलले. जुन्या कायद्यात ३०२ म्हणजे खून, नव्यात खुनासाठी कलम १०३ आहे. नव्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. नवा कागद जुन्या सवयीने वाचून घरच्यांनी जीव टांगणीला लावून घेऊ नये.

फिर्यादी किंवा पीडित असाल तर

तुमच्यासाठी ठाणंच सगळ्यात बरं. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) प्रमाणे फिर्यादीला किंवा पीडिताला एफआयआरची प्रत लगेच आणि फुकट द्यावी लागते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. नंतर आठवड्याने मागायला गेलात तर "साहेब बंदोबस्ताला गेलेत" हे ऐकावं लागतं. हातात दिलेला कागद एफआयआरच आहे ना, तेही तिथेच बघून घ्या. तक्रारअर्जाची पोच म्हणजे एफआयआर नव्हे. मोबाईल किंवा कागदपत्रं हरवल्याची ऑनलाइन पावती म्हणजेही एफआयआर नव्हे. दोन्हींवर क्राइम नंबर नसतो, हीच खूण. ठाण्याने गुन्हाच नोंदवला नाही तर आधी आयुक्तांना किंवा एसपींना लेखी कळवा, त्यानंतर कोर्टात दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला ९० दिवसांत कळवायचं असतं, कलम १९३(३) मध्ये तसं आहे. एवढ्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायची गरज नाही. तपास अधिकाऱ्याच्या नावाने एक साधं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

आरोपी असाल, किंवा घरातल्या कुणाला उचललं असेल तर

इथे तास मोजावे लागतात. माहिती अधिकाराचा विचार डोक्यातून काढून टाका. अटकेच्या वेळी मेमो, म्हणजे अटकेची लेखी नोंद, तयार व्हायला हवा. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही लागते. नातेवाईक किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप लोकांना दिसेल असं लावायचं असतं. त्यासाठी सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी नेमलेला असतो. ठाण्यात "आमच्याकडे नाही" म्हणाले तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे याच अधिकाऱ्याबद्दल चौकशी करा. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या ठाण्याच्या कोर्टात माणूस उभा करा. निपाणीचं ठाणं असेल तर निपाणीचंच कोर्ट, बेळगावला धावण्यात दिवस घालवू नका.

मराठी माणसाने एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सांगितलं की अटकेची कारणं, गुन्हा कुठलाही असो, लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. अटकेच्या क्षणी ते शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावीत. कन्नड येत नसेल तर वकिलामार्फत हे दंडाधिकाऱ्यांपुढे पहिल्याच दिवशी मांडा. नंतर मांडलेल्या मुद्द्याला ते वजन राहत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही.

एफआयआरची प्रमाणित प्रत ठाण्यातून घ्यायची की कोर्टातून? वर सांगितलेल्या २०१६ च्या निकालाप्रमाणे आरोपीच्या वतीने अर्ज आणि फी दिली की पोलिसांनी २४ तासांत, तर कोर्टाने दोन कामकाजाच्या दिवसांत प्रत द्यावी. कागदावर ठाणं जलद दिसतं. तरी जामिनासाठी प्रत हवी असेल तर आम्ही कोर्टाचीच सुचवू. अर्जाला तारीख पडते, रजिस्टरला नोंद होते आणि शिक्क्यावर कुणी बोट ठेवत नाही. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर त्यासोबतचे सगळे कागद आरोपीला फुकट मिळतात. त्याच संहितेच्या कलम २३० प्रमाणे हजर झाल्यापासून १४ दिवसांत. तेव्हा त्यासाठी नकलेचा वेगळा खर्च करू नका.

माहिती अधिकार: शेवटचा मार्ग

सीमाभागात काही अडलं की पहिला हात माहिती अधिकाराच्या अर्जाकडे जातो. एफआयआर किंवा ताज्या अटकेसाठी तो सगळ्यात संथ मार्ग आहे: उत्तराला ३० दिवस, पहिल्या अपिलाला ३० दिवसांची मुदत, दुसऱ्याला ९०. तपास चालू असेल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(एच) दाखवून नकार येतो. मात्र नुसता तपास चालू आहे एवढं म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे सांगावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं आहे. अपिलात हाच मुद्दा घ्या. जुने बंद झालेले गुन्हे, ठाण्याची आकडेवारी, तुमच्या अर्जावर कुणी काय शेरा मारला, या गोष्टींना मात्र हा मार्ग खरोखर चालतो.

कर्नाटकात फी १० रुपये आणि पानाला २ रुपये. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. चार प्रश्नांचं लांबलचक पत्र लिहिलं की ते याच कारणावर परत येतं. भाषेचाही खडा लागतो. त्याच कायद्याच्या कलम ६(१) मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे, म्हणजे मराठी अर्ज नाकारला जाऊ शकतो. राज्यघटनेचं कलम ३५० तक्रारीच्या निवेदनाला राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेची मुभा देतं, म्हणून एसपींकडची तक्रार मराठीत करा, पण माहिती अधिकाराचा अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा.

भाडेकरू, नोकर किंवा सोयरीक तपासायची असेल तर

दुसऱ्याचा अटकेचा इतिहास मागण्याचा हक्क तुम्हाला नाही. माहिती अधिकारातही वैयक्तिक माहिती म्हणून नकारच येईल. खुलं आहे ते ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ. तिथे पक्षकाराच्या नावाने किंवा एफआयआर नंबरने खटला शोधता येतो. स्पेलिंग बदलून बदलून बघा, कारण चौगुले हे आडनावच तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं. नाव जुळलं म्हणून माणूस तोच असं नाही, वडिलांचं नाव आणि गाव पडताळा. आणि खटला दाखल असणं म्हणजे शिक्षा होणं नव्हे. त्या माणसानेच स्वतःचं पोलीस पडताळणी प्रमाणपत्र आणून देणं हा सरळ मार्ग. परदेशी जाण्यासाठी लागणारं प्रमाणपत्र वेगळं, ते पासपोर्ट सेवेतून ५०० रुपयांत मिळतं.

राहिला हद्दीचा प्रश्न. घटना निपाणीजवळची आणि फिर्याद महाराष्ट्रात कागलला दिली, तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची एफआयआर, होते आणि ती निपाणीकडे पाठवली जाते. निपाणीत तिला नवा क्राइम नंबर पडतो. कागलच्या कागदावरचा नंबर कर्नाटकच्या संकेतस्थळावर शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही. निपाणी ठाण्यात झिरो एफआयआरची प्रत दाखवून नवा नंबर लिहून घ्या, आणि पुढचे सगळे अर्ज त्याच नंबराने करा.