गोल्फ कोचचं सर्टिफिकेट: माझे ८३,१६० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधी आकडे सांगतो, कारण पोलिसांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे "असे कितीसे गेले?" हेच विचारतात. रजिस्ट्रेशन २,५००. कोर्स फी ४८,०००. असेसमेंट १८,५००. 'आंतरराष्ट्रीय संलग्नता' १२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६०. एकूण ८३,१६०. त्यातले ४८,००० बायकोच्या भिशीचे.

मी पुण्यात सोळा वर्षं कॅडी आहे, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा मदतनीस. ग्रीनची लाइन वाचतो (होलजवळच्या गवतावर चेंडू कसा वळेल ते), कुठल्या अंतराला कुठला क्लब, म्हणजे कुठली काठी, ते मेंबरला सांगतो, संधी मिळेल तेव्हा स्वतः खेळतो. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, पोरांना शिकवायला कागद लागतो, तेवढाच नव्हता. सहायक कोचची जागा निघाली होती आणि एक तारखेच्या आत सर्टिफिकेट आणायला सांगितलं होतं. त्याच आठवड्यात मेसेज आला: लेव्हल वन कोच, पीजीए (व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना) मान्यताप्राप्त, सहा आठवडे ऑनलाइन. मला हाव सुटली नव्हती. दिवस कमी होते, म्हणून भरले.

पण प्लेइंग टेस्टच्या संध्याकाळी मला कळायला हवं होतं. खेळून दाखवल्याशिवाय कोच होता येत नाही, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. अमेरिकेच्या पीजीएची टेस्ट वर्षानुवर्षं एका दिवसात ३६ होल्सची, म्हणजे दोन पूर्ण राउंडची होती. यांनी काय मागितलं? सेव्हन आयर्न या एका काठीच्या स्विंगचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. पाठवला, वीस मिनिटांत 'पास'. स्कोअरकार्ड नाही, हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) विचारला नाही. मार्करच्या, म्हणजे आपला स्कोअर लिहिणाऱ्याच्या, सहीशिवाय क्लबच्या साध्या स्पर्धेतलं कार्डही धरत नाहीत. ती सही होताना मी शेकडो वेळा शेजारी बॅग घेऊन उभा राहिलोय. तरी त्या संध्याकाळी मी पेढे वाटले. अजून झोप लागत नाही ती त्या पेढ्यांमुळे.

क्लबात सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा चार मेंबर समोर बसले होते. क्लबच्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "अरे, पीजीए म्हणजे कुठली पीजीए?" मला सांगता येईना. ब्रिटनची पीजीए १९०१ सालची, अमेरिकेची १९१६ सालची, आपली पीजीए ऑफ इंडिया आणखी वेगळी. माझ्या कागदावर नुसती तीन अक्षरं. तुम्हाला कोणी 'पीजीए मान्य' म्हटलं तर पहिला प्रश्न हाच विचारा. आपल्याकडे भारतीय गोल्फ युनियनची नॅशनल गोल्फ अकादमी ऑफ इंडिया कोच घडवते. पैसे भरायच्या आधी तिथे स्वतः चौकशी करा, एजंटाने दिलेल्या नंबरवर नाही.

मग सुरू झाल्या फेऱ्या. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तर म्हणाले उशीर झाला, पैसे पुढे गेले. (फसल्याचं कळलं त्याच तासाला फोन करा, लाजू नका. मी लाजेपायी नऊ दिवस घालवले.) बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकला, पोलिसांत जा. चौकीत म्हणाले, ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरला तीन तास बाकावर बसवलं आणि विचारलं, "सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे." खोट्या मान्यतेच्या नावावर पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला माझा अर्जच सापडेना. चौथ्यांदा एका हवालदाराने विचारलं, गोल्फ शिकून तुम्हाला काय करायचंय? प्रत्येक खेपेला माझा एक दिवसाचा रोज बुडाला, तो या ८३,१६० मध्ये धरलेला नाही. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

पैसे संस्थेच्या नव्हे, एका माणसाच्या बचत खात्यात गेले होते. जीएसटी घेतला, पण पावतीवर जीएसटी नंबरच नाही. तो पंधरा अक्षरी नंबर सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो, हे मला नंतर कळलं.

आता ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. सेव्हन आयर्नचा व्हिडिओ मागून ज्यांना 'पास' केलंय त्यांनी पावत्या आणि चॅट जपून ठेवा, पुसू नका, आणि मला कळवा. चार जणांच्या पावत्या एकत्र असल्या तर 'दिवाणी मामला' म्हणणं त्यांना एवढं सोपं जाणार नाही.