विंडोज चालू दिसली म्हणून मी मॅक तपासलाच नाही

बटण दाबलं की लॅपटॉप थेट विंडोजमध्ये उघडायचा. मला विंडोजच हवी होती, त्यामुळे त्यापलीकडे मी काही बघितलं नाही. फसले ती तिथेच. वापरलेला मॅक विंडोजसाठी घ्यायचा विचार कुणाच्या मनात असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा.

माझं आराखडे काढायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. पण स्क्रीन आणि बांधणी मॅकची आवडायची. २०१९चा १६ इंची मॅकबुक प्रो, इंटेल प्रोसेसरवाला, त्यावर विंडोज १० घातलेली, असं मशीन विकायला आहे म्हटल्यावर मी हरखले. यात वावगं काहीच नव्हतं. ॲपलने २००६ साली मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर घातले आणि त्याच वर्षी बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर विंडोज घालायची ॲपलची स्वतःची सोय, आणलं, तेव्हापासून कितीतरी लोक मॅकवर रीतसर विंडोज चालवत आले आहेत.

मशीन बघायला गेले तेव्हा मी विचारलंही होतं, "यातली मॅक ओएस कुठे आहे?" विकणारा म्हणाला, "काढून टाकली मॅडम. तुम्हाला वापरायची नाही, मग जागा कशाला अडवायची? पूर्ण डिस्क तुमचीच." मला ते पटलं. कीबोर्ड बघितला, बॅटरी बघितली, माझं सॉफ्टवेअर टाकून एक मोठा आराखडा उघडून बघितला. सगळं सुरळीत चाललं. बिल म्हणून त्याने स्वतःच्या छापील कागदावर अनुक्रमांक लिहून दिला. मूळ खरेदीची पावती मागायचं मला सुचलं नाही.

दोन वर्षं मशीनने छान साथ दिली, आणि त्यामुळेच संशय कधी आला नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट, संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, म्हणजे मशीनमधली एक ठरावीक सुरक्षा-सोय. या मॅकमध्ये टी२ नावाची सुरक्षेची चिप आहे, पण विंडोज तिला टीपीएम म्हणून ओळखत नाही. आडवाटेने विंडोज ११ घालता येते, पण ज्यावर पोट आहे त्या मशीनवर मला तसलं काही नको होतं. कामासाठी मी दुसरं मशीन घेतलं आणि ठरवलं की यावर परत मॅक ओएस टाकून ते धाकट्या बहिणीला द्यायचं.

कमांड, ऑप्शन आणि आर दाबून मशीन चालू केलं, इंटरनेटवरून रिकव्हरी, म्हणजे सिस्टिम दुरुस्त करायची किंवा नव्याने टाकायची ॲपलची सोय, आली. डिस्क युटिलिटी उघडून मी अख्खी डिस्क पुसली. मशीन पुन्हा चालू झालं आणि समोर मॅक ॲक्टिव्हेट करायची खिडकी आली. हा मॅक एका ॲपल आयडीशी (ॲपलच्या खात्याशी, आता त्याला ॲपल अकाउंट म्हणतात) जोडलेला आहे, त्याचा पासवर्ड द्या. ईमेलचं पहिलं अक्षर दिसत होतं, पुढे नुसती टिंबं. ते अक्षर ना माझ्या नावाचं होतं, ना विकणाऱ्याच्या.

याला ॲक्टिव्हेशन लॉक म्हणतात. टी२ चिपच्या मॅकवर ते २०१९मध्ये मॅक ओएस कॅटालिनासोबत आलं. मालकाने फाइंड माय, म्हणजे हरवलेलं मशीन शोधायची ॲपलची सोय, चालू ठेवलं असेल, तर मशीन पुसल्यावर त्याच्या पासवर्डाशिवाय ते पुढे सरकत नाही. चोराला मशीनचा उपयोग होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे आणि मला ती चुकीची वाटत नाही. मला कळत नव्हतं ते एवढंच, की असं मशीन दोन वर्षं माझ्या हाताखाली चाललं कसं?

उत्तर कळलं तेव्हा पोटात खड्डा पडला. हे कुलूप तपासतं ते ॲपलचं सर्व्हर, आणि तेही मशीन नव्याने ॲक्टिव्हेट करायची वेळ येते तेव्हा. विंडोजचा त्याच्याशी काही संबंध नाही. आधीपासून बूट कॅम्पने घातलेली विंडोज असेल आणि मॅकचा भाग बाजूला सारला असेल, तर मशीन रोज मुकाट चालत राहतं. माझ्या मशीनवरची विंडोज म्हणजे कुलपावर टाकलेला पडदा होता. "जागा अडवते म्हणून काढली" हे वाक्य त्या पडद्याचाच भाग होतं, असं मला आज ठाम वाटतं.

बरं, मग परत विंडोजच घालू, असं म्हणून मी पेन ड्राइव्ह तयार केला. मशीनने तो नाकारला. टी२च्या मॅकवर बाहेरच्या डिस्कवरून सुरू व्हायची परवानगी मुळात बंद असते. ती उघडायची तर रिकव्हरीतल्या स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीत जावं लागतं, आणि तिथे मॅक ओएसच्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड लागतो. डिस्कवर मॅक ओएसच नव्हती, तर खातं कुठलं! लिनक्स या तिसऱ्या सिस्टिमचंही तेच. चिपची सुरक्षा उतरवल्याशिवाय ती तिथे सुरू होत नाही. म्हणजे ॲपलची सिस्टिम नाही, विंडोज नाही, लिनक्स नाही. सकाळपर्यंत चालणारं मशीन मी माझ्या हाताने बंद पाडलं होतं.

विकणाऱ्याला फोन केला. "मी दिलं तेव्हा चालू होतं. डिस्क तुम्ही पुसलीत," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्यानंतर नंबर लागलाच नाही. दुरुस्ती केंद्रात सांगितलं, कुलूप काढायचं तर मूळ खरेदीची पावती आणा, त्यावर हाच अनुक्रमांक हवा. मी तो छापील कागद पुढे केला. त्यांनी नकार दिला, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही दिला असता.

म्हणून कळकळीने सांगते, विंडोजसाठीच घेत असलात तरी आधी मॅक ओएस चालू करून दाखवा म्हणा. "काढून टाकली" हे उत्तर आलं की उठून या. सिस्टिम रिपोर्टमध्ये हार्डवेअरखाली ॲक्टिव्हेशन लॉकची स्थिती लिहिलेली असते, ती बंद दिसली पाहिजे. त्यावरही थांबू नका. विकणाऱ्याला त्याच्या ॲपल आयडीतून बाहेर पडायला लावा, तुमच्या डोळ्यांदेखत मशीन पुसायला लावा आणि इंटरनेट जोडून नव्याने सुरू करून थेट डेस्कटॉपपर्यंत जा. इंटरनेटचा आग्रह धराच. कुलूपही तेव्हाच दिसतं, आणि मशीन एखाद्या कंपनीच्या ताब्यातलं असेल तर रिमोट मॅनेजमेंटचा (कंपनीने दुरून ताबा ठेवल्याचा) पडदाही तेव्हाच येतो. यात फार तर एखादा तास जाईल. मग विंडोज स्वतः घाला, बूट कॅम्प असिस्टंट मॅकमध्येच असतो.

आणखी एक. त्याच माणसाने मला एम१ चिपचा मॅकही दाखवला होता, "यावरही बूट कॅम्पची विंडोज आहे" म्हणून. नोव्हेंबर २०२०पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर बूट कॅम्प नाहीच. तिथे विंडोज चालते ती मॅक ओएसच्या आत, आभासी मशीनमध्ये, आणि तीही एआरएमची, म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बनवलेली. खिडकी पूर्ण स्क्रीनभर पसरली की नवख्याला फरक कळत नाही. मलाही कळला नव्हता. केवळ रंग आवडला नाही म्हणून तो घेतला नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे, अनुक्रमांकासकट. मशीन कपाटात आहे, बहिणीला ते द्यायचा प्रश्नच उरला नाही. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण मधूनच ते पहिलं अक्षर आणि पुढची टिंबं आठवतात. त्या नावाच्या माणसाचा मॅक चोरीला गेला होता, की त्यानेच विकताना लॉक काढायचं राहून गेलं, हे मला ठाऊक नाही. त्याच्यापर्यंत पोचायला माझ्याकडे ती टिंबं सोडून काहीच नाही.